बंब, गीझर आणि चाकांवरचे घर

आमच्या गावाचे नाव गास. पहिल्या वर्षाला हजेरी घेताना एका प्राध्यापकांनी मला 'कोठून येता?' असे विचारले. मी 'गास' म्हणताच मागच्या बाकावरून आवाज आला, 'सिलिंडर की पाइपलाइन?' सगळा वर्ग हसला, मीही हसलो. वसई आणि नालासोपारा यांच्या पश्चिमेला, वाड्या, बावखले आणि मिठागरे यांच्या मधोमध वसलेल्या आमच्या गावाला ही थट्टा नवी नाही. मात्र मागच्या नाताळात आमच्या घरी जे घडले, त्यानंतर 'गास' आणि 'गॅस' यांची जोडी मला पूर्वीसारखी हसवीत नाही. त्या प्रसंगामुळेच मी कलाशाखेचा विद्यार्थी असूनही हा शास्त्रीय विषय हाती घेतला आहे. त्यात काही उणे राहिले असेल, तर विज्ञानाच्या प्राध्यापकांनी ते दाखवून द्यावे.

प्रथम प्रसंग सांगतो. नाताळच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरले होते. कॅनडात स्थायिक झालेला माझा आत्येभाऊ कुटुंबासह आला होता. सकाळी एकामागून एक आंघोळी चालल्या होत्या. आमच्या न्हाणीघरात भिंतीवर गॅसचा गीझर होता आणि थंडी लागते म्हणून खिडकीच्या झडपांना प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला होता. चार जणांच्या आंघोळी झाल्यावर ताई आत गेली. वीस मिनिटे झाली तरी ती बाहेर येईना. पाण्याचा आवाज येत होता, पण हाकेला उत्तर नव्हते. बाबांनी खांद्याने दार ढकलून कडी तोडली. ताई भिंतीला टेकून बसल्या जागी बेशुद्ध पडली होती. आम्ही तिला उचलून ओट्यावर मोकळ्या हवेत आणले आणि तेथून दवाखान्यात नेले. बोटाला लावायचे यंत्र रक्तातला प्राणवायू ९८ टक्के दाखवीत होते, म्हणून आम्हाला हायसे वाटले. डॉक्टरांनी मात्र त्या आकड्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "न्हाणीत गॅसचा गीझर आहे का?" आणि लगेच नळीतून प्राणवायू सुरू केला. ताई दुपारपर्यंत शुद्धीवर आली. दोन दिवस तिचे डोके दुखत होते, पण ती वाचली.

त्या संध्याकाळी आत्येभाऊ न्हाणीघराच्या दारात बराच वेळ उभा होता. अखेरीस तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे चाकांवरच्या घरातसुद्धा गॅसवर पाणी तापते. पण तिथली आग घराच्या आतली हवा घेत नाही. तुमची का घेते?" या प्रश्नाचा उलगडा करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आजीचा बंब

पाणी तापवण्याचे यंत्र समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात बंबापासून करावी. आमच्या मागील अंगणात आजीचा तांब्याचा बंब अजून उभा आहे. बाहेरून तो मोठ्या हंड्यासारखा दिसतो, पण त्याच्या पोटातून मधोमध एक उभी नळी वर गेलेली असते. नळीच्या तळाशी जाळी असते. वरून करवंट्या, सोडणे, झावळ्यांचे तुकडे टाकायचे, जाळीवर विस्तव पेटतो आणि राख खाली पडते. गरम हवा हलकी होऊन नळीतून वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. नळीभोवती पाणी असल्यामुळे आगीची धग चारही बाजूंनी पाण्यात जाते. तोटी उघडून कढत पाणी बादलीत घ्यायचे, त्यात विसण घालायचे, आणि जेवढे काढले तेवढे गार पाणी वरून बंबात ओतायचे.

या साध्या वस्तूत तीन गोष्टी आहेत : आगीला हवा देण्याची सोय, धूर बाहेर नेण्याची वाट आणि धग पाण्याला देणारी धातूची भिंत. पुढे जी जी यंत्रे आली, त्यांना याच तीन गोष्टी कराव्या लागल्या. बंबाला आणखी एक गुण आहे, तो म्हणजे त्याचे झाकण सैल असते. पाणी उकळले तरी वाफ निघून जाते, दाब साचत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बंब अंगणात असतो. आजीला प्राणवायूचे रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते. 'धूर डोळ्यांत जातो' एवढ्याच कारणाने आग घराबाहेर राहिली आणि माणसे सुरक्षित राहिली.

सिलिंडरमध्ये काय असते?

आपल्या स्वयंपाकघरातील गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली ते द्रवरूप होते, म्हणून १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये एवढे इंधन मावते. द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. आपल्याकडे पारा कधी तेथवर जात नाही, म्हणून मिश्रण चालते. कॅनडाच्या हिवाळ्यात ब्युटेन टाकीतच द्रवरूपात बसून राहील, म्हणून तेथील चाकांवरच्या घरांत प्रोपेनच वापरतात.

हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन सुमारे दुप्पट. त्यामुळे गळलेला गॅस छताकडे न जाता पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. मूळचा गॅस जवळजवळ बिनवासाचा असतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. येथे एक गोष्ट मी वाचकांना अधोरेखित करण्यास सांगेन. हा वास फक्त न जळलेल्या गॅसचा आहे. ज्योतीत गॅसबरोबर मर्कॅप्टनही जळून जाते. गळतीची सूचना नाकाला मिळते, पण वाईट ज्वलनाची सूचना नाकाला मिळेलच असे नाही. आमच्या घरात त्या सकाळी कोणालाही कसलाही वास आला नव्हता.

गीझर कसा चालतो?

'गीझर' हा शब्द आइसलँडचा. तेथे जमिनीतून कढत पाण्याचे फवारे उसळतात. आपल्या वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांतले पाणीही भूगर्भातच तापते, पण ते उसळी मारीत नाही. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ साली गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र बनवले आणि त्याला हे नाव दिले. त्या पहिल्या यंत्राला धूर बाहेर नेण्याची नळीच नव्हती. म्हणजे आमच्या न्हाणीघरातली चूक दीडशे वर्षांची जुनी आहे.

आजच्या गीझरमध्ये पाण्याचा साठा नसतो. आपण नळ उघडला की वाहत्या पाण्याचा दाब एका रबरी पडद्यावर पडतो. पडदा सरकतो आणि एक छोटी कळ दाबली जाते. दोन साध्या बॅटऱ्यांवर ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. त्यावर तांब्याच्या पातळ पापुद्र्यांत गुंफलेली नळी असते. तिच्यातून जाता जाता पाणी तापते. नळ बंद केला की दाब जातो, पडदा मागे येतो आणि आग विझते. ज्योतीजवळ एक सळई असते. ज्योत काही कारणाने विझली, तर ती सळई झडप बंद करायला लावते, म्हणजे न जळलेला गॅस बाहेर पडत नाही.

आमच्या भागातील विहिरींचे पाणी अलीकडे खारट आणि जड झाले आहे. अशा पाण्याचे क्षार नळीत थर धरतात, पाण्याची धार बारीक होते आणि गीझर पेटता पेटत नाही. 'गीझर बिघडला' अशी तक्रार पुष्कळदा खरे तर पाण्याची असते.

आता थोडा हिशेब मांडू. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. १५ लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर नेण्यास ३०० किलोकॅलरी हव्यात. एक किलो गॅसमधून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. त्यांतील ८० टक्के पाण्यात गेल्या असे धरले, तर एका बादलीला सुमारे ३४ ग्रॅम गॅस लागेल, म्हणजे एका सिलिंडरवर चारशेहून थोड्या अधिक बादल्या. सोय आणि काटकसर या दोन्ही दृष्टींनी यंत्र चांगलेच आहे. दोष यंत्राच्या जागेत आहे.

बंद खोलीचे गणित

प्रोपेनचा एक रेणू म्हणजे कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू. तो पुरता जळायला प्राणवायूचे ५ रेणू लागतात. त्यातून कर्बवायूचे ३ आणि पाण्याचे ४ रेणू तयार होतात. वजनाने पाहिले, तर एक किलो गॅस जाळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा हवी.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर घ्या. वरच्याच हिशेबाने तो मिनिटाला सुमारे १७ ग्रॅम गॅस जाळतो आणि त्यासाठी सुमारे २२० लिटर हवा खातो. आमचे न्हाणीघर पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच आहे. त्यात सुमारे ४,५०० लिटर हवा मावते. दार आणि खिडकी बंद असतील, तर दहा मिनिटांत त्यातील जवळजवळ निम्म्या हवेतला प्राणवायू ज्योतीने खाल्लेला असेल. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते. पण आमच्याकडे तर एकामागून एक चार आंघोळी झाल्या होत्या आणि पाचवी चालू होती.

प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत लगेच विझत नाही, ती अर्धवट जळू लागते. प्रत्येक कार्बनला प्राणवायूचे दोन अणू मिळायचे, त्याऐवजी काहींना एकच मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. श्वासाबरोबर तो रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. मग रक्त वाहत राहते, पण प्राणवायू वाहून नेत नाही. प्रथम डोके जड होते, मळमळते, पायांतली शक्ती जाते. माणसाला वाटते, 'जरा बसू या.' ताईने नेमके तेच केले होते. बसलेला माणूस दाराची कडी काढायला पुन्हा उठत नाही.

बोटाच्या यंत्राचे कोडेही येथेच सुटते. ते यंत्र रक्ताचा लालपणा प्रकाशाने मोजते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिनही लालच असते, म्हणून यंत्राला ते प्राणवायूने भरलेले वाटते. ९८ हा आकडा पाहून आम्ही रुग्णाला घरीच ठेवले असते, तर काय झाले असते, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

चाकांवरचे घर

आता आत्येभावाच्या प्रश्नाकडे येतो. मोटारहोम म्हणजे मोटारीवरच बांधलेले छोटे घर. त्यात बिछाने, चूल, मोरी, सगळे काही असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून आपल्याकडेही या वाहनांची नावे कानावर येऊ लागली आहेत. अशा घरातली हवा मर्यादितच असते आणि त्यात माणसे झोपतातही. तेथे आग आतली हवा घेईल, तर रात्रीत सारे कुटुंब संपेल. म्हणून तेथील हीटरची रचनाच वेगळी केली आहे.

आत्येभावाने कागदावर आकृती काढून दाखवली, तेव्हा आजी चटकन म्हणाली, "हा तर आडवा निजवलेला बंब!" तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. साधारण २३ लिटरची एक टाकी असते. टाकीच्या पोटातून वाकवलेली नळी जाते, नळीच्या तोंडाशी प्रोपेनची ज्योत असते आणि नळीभोवती पाणी असते. फरक एवढाच की ज्योतीची कोठडी वाहनाच्या बाहेरच्या भिंतीकडे उघडते. तेथे जाळीचे झाकण असते. हवा त्या जाळीतून बाहेरून आत येते आणि जळालेला वायू त्याच जाळीच्या वरच्या भागातून बाहेर जातो. झोपण्याच्या खोलीशी त्या कोठडीचा हवेचा कोणताही संबंध नसतो. म्हणजे वाहनाच्या भिंतीत राहूनही हा बंब अंगणातच असतो.

एक फरक मात्र लक्षात घ्यावा लागतो. बंबाचे झाकण सैल असते, ही टाकी बंद असते. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्का वाढते. २३ लिटरला हे सुमारे ३५० मिलिलिटर होते. त्या पाण्याने जायचे कोठे? म्हणून टाकीला सुरक्षा झडप असते. दाब किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की ती उघडते आणि पाणी बाहेर सोडते. पाणी ६० अंशांच्या आसपास पोहोचले की तापमापक कळ ज्योत बंद करते. ती कळ बिघडलीच, तर सुमारे ८२ अंशांना दुसरी कळ गॅसच तोडते. ज्योत लागली नाही, तर काही सेकंदांत झडप मिटते. पोलादी टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी सोडलेली असते. गंज टाकीऐवजी तिला खातो आणि ती झिजली की बदलतात. टाकीत पाणी नसताना ज्योत मात्र कधीही लावायची नाही. हा नियम आजीने बंबालाही लावलेला आहे : "आधी पाणी, मग विस्तव."

याशिवाय त्या घरांत दोन सूचनायंत्रे असतात. गळती ओळखणारे यंत्र जमिनीलगत, कारण गॅस जड आहे. दुसरे कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे, झोपण्याच्या जागेजवळ. जे काम नाकाला जमत नाही, ते यंत्राकडे सोपवलेले आहे.

तुलनेचे सार

तीनही यंत्रांना शेजारी शेजारी ठेवले की चूक उघडी पडते. बंब उघड्यावरची हवा घेतो. मोटारहोमचा हीटर बाहेरची हवा घेतो. फक्त न्हाणीघरातला गीझर आंघोळ करणाऱ्या माणसाच्या वाट्याची हवा घेतो. आमच्याकडे तो बसवणाऱ्या कारागिराने 'पाण्याची पाइप इथेच आहे' म्हणून तेथे बसवला, आणि आम्ही 'थंडी लागते' म्हणून खिडकी बुजवली. दोघांनीही आगीला हवा लागते, एवढी गोष्ट लक्षात घेतली नाही. पुस्तकात ती आम्ही सर्वांनी सातवी-आठवीत वाचली होती.

आमच्या महाविद्यालयातील अनेक मित्रमैत्रिणी नालासोपारा, विरार येथील भाड्याच्या लहान खोल्यांत राहतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट लिहून ठेवतो :

१. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा मागच्या पडवीत असावा. आत फक्त पाण्याची नळी यावी.

२. तो हलवणे शक्य नसेल, तर बादली आधी भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. चालू गीझरखाली दार लावून स्नान करू नये.

३. खिडकीच्या झडपा कधीही बुजवू नयेत. एकामागून एक आंघोळी असतील, तर मध्ये खंड ठेवावा.

४. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर यंत्र बंद करून तपासून घ्यावे.

५. गळती शोधायला काडी ओढू नये, साबणाचा फेस लावावा. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण न दाबता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

६. न्हाणीत डोके जड वाटले, तर बसू नये, बाहेर यावे. कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम त्याला मोकळ्या हवेत आणावे, १०८ ला बोलवावे आणि घरात गीझर आहे हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

आमचा गीझर आता मागच्या पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. तो हलवायला अर्धा दिवस आणि दहा फूट नळी लागली. ही गोष्ट आम्ही चार वर्षांपूर्वीही करू शकलो असतो. ताई पुन्हा कामावर जाऊ लागली आहे. न्हाणीघराच्या खिडकीवरचा कागद तिने स्वतः फाडून काढला, आणि दाराची तुटलेली कडी बाबांनी अजून मुद्दाम बसवलेली नाही. सध्या आम्ही आत जाताना बाहेरच्या खिळ्यावर टॉवेल अडकवतो, म्हणजे आत कोणी आहे हे कळते.

हा लेख वाचून एखाद्या वाचकाने आज घरी गेल्यावर आपल्या न्हाणीघराच्या खिडकीकडे एकदा वर पाहिले, तरी माझे लिहिणे कारणी लागले असे मी समजेन.